भरून येणारी भिंत

रूपलला किल्ला बघायचे डोहाळे लागले, तेव्हा हेमांगी आधी पोटभर हसली. कुणाला चिंच हवीशी वाटते, कुणाला पाटीवरची पेन्सील, आणि आपल्या सुनेला बुरूज.

“कुठला किल्ला गं?”

“कुठलाही चालेल, आई. जुना पाहिजे. ओलसर भिंतींचा.”

हसणं तिथंच संपलं, कारण एवढं बोलून रूपल उठली आणि मोरीकडे धावली. पाचवा महिना लागला तरी उलट्या थांबत नव्हत्या. वरणाचं पाणी नाही, लिंबू सरबत नाही, काही म्हणजे काही पोटात ठरत नव्हतं. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर रूपल नुसती पर्सची चेन उघडत आणि लावत बसली होती. तो आवाज हेमांगीच्या कानात अजून होता. यंदा डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, बाळ महिन्याच्या मानानं लहान आहे, आईच्या पोटात अन्न गेलंच नाही तर आपल्याला विचार करावा लागेल. कसला विचार ते त्यांनी सांगितलं नाही आणि हेमांगीनं विचारलं नाही.

तसं बोईसर हे मळमळणाऱ्या बाईनं राहायचं गाव नव्हेच. वारा कारखान्यांकडून आला की सकाळी सडक्या कोबीचा वास, संध्याकाळी नखांच्या रंगाचा. मुलगा भावेश शिफ्ट करून आला की त्याच्या केसांतसुद्धा तो वास असायचा. रूपल त्याला दारातच थांबवायची. दोनदा आंघोळ करून बिचारा हॉलमध्ये टीव्हीखाली झोपायचा. हेमांगीला स्वतःला यातलं काही जाणवत नसे. अमळनेरहून लग्न होऊन आली तेव्हा नाकाला पदर लावून वावरली, मग नाकानंच हात टेकले. इथं सगळ्यांचं असंच. पाहुणा विचारतो, कसला हो वास येतोय? यजमान विचारतो, कसला?

डोहाळा मोडायचा नाही, एवढं मात्र हेमांगीला तिच्या आईनं शिकवलं होतं. भावेशनं फोनवर शोधून एक खासगी गाईड ठरवला, गाडीसकट. बसच्या सहलीला गेलो तर दर वळणावर ओकारीसाठी गाडी कोण थांबवणार?

गाईडचं नाव दिनानाथ. पन्नाशीचा माणूस, पांढरे बूट, कपाळावर गोल टिळा. गाडीत बसल्या बसल्या त्यानं प्लास्टिकच्या पिशव्यांची चळत रूपलच्या हाती दिली.

“लाजू नका सूनबाई. आमची बायको तीन बाळंतपनं याच गाडीत ओकली.”

“म्हणूनच एवढी स्वच्छ ठेवलीत,” हेमांगी म्हणाली, आणि रूपल बऱ्याच दिवसांनी हसली.

शिरगावच्या किल्ल्याशी पोचेपर्यंत त्या पिशव्यांतल्या निम्म्या संपल्या. रस्त्याकडेला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. शेजारी जाळ्यावर पसरलेला जवळा, आणि त्यावर भिरभिरणाऱ्या माश्या. रूपलनं ओढणी तोंडात कोंबली. दिनानाथ मात्र रंगात आला होता. इथं पोर्तुगीज, मग मराठे, हा दरवाजा बघा, ते फांद्या फुटलेलं ताडाचं झाड बघा, ताडाला कदी फांद्या फुटलेल्या बघितल्यात काय ताई? हेमांगी मन लावून बघत होती. इतकी वर्षं इथं राहून आपण बाजार, स्टेशन आणि दवाखाना यापलीकडे काही पाहिलं नाही, याची तिला थोडी लाजच वाटली.

रूपल ताडाकडे बघतच नव्हती. ती तटाशी गेली, भिंतीला नाक लावून तिनं श्वास ओढला आणि तोंड वाकडं केलं.

“हा नाही,” ती म्हणाली. “हा धुतलेला आहे.”

दिनानाथनं रूपलच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, आणि मग इकडेतिकडे बघत गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिला.

“तुमाला माईकडं नेतो,” तो म्हणाला. आवाजातला गाईड निघून गेला होता. “आमची आत्या. तिची वाडी हाय खाडीच्या अंगाला. तिथं एक जुनी गढी हाय. आमी सगल्यांना नाय नेत.”

“लांब आहे?” हेमांगीनं विचारलं.

“हिला लांब नाय वाटनार.”

खरंच, पुढच्या रस्त्यात रूपलनं एकही पिशवी घेतली नाही. काच खाली करून ती तोंड बाहेर काढून बसली होती. हेमांगीला वाटलं, खाडीची हवा मानवली. पोरीच्या गालांना रंगसुद्धा आलाय.

वाडी चिकूची होती. झाडांखाली वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं पडून सडली होती. पायाखाली फुटली की त्यातून आंबूस फेस यायचा, आणि माश्यांचं मोहोळ उठून पुन्हा तिथंच बसायचं. साडी गुडघ्यापर्यंत उचलून हेमांगी टाचांवर चालत होती. झाडी संपली आणि समोर गढी आली. गढी कसली, एक उरलेली भिंत. दोन पुरुष उंचीची, काळपट दगडांची. दगडांच्या मधला चुना मात्र पांढराशुभ्र, ओला, आत्ताच भरल्यासारखा.

आणि मग तो वास.

हेमांगी जागच्या जागी थांबली. बोईसरच्या हवेत पिकलेलं तिचं नाक. त्या नाकातही हा वास शिरला आणि घशात पाणी आलं. बाळानं ओकलेलं फाटकं दूध, फडताळामागं मेलेला उंदीर, आणि या दोन्हींच्या वर काहीतरी भाजकं, कडवट. तिनं पदर तोंडावर दाबला. पदरालाही तोच वास येत होता.

“अगं बाई, काय मेलंय इथं?”

“कुठं काय?” रूपल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “आई, किती गोड वास आहे. खरवसासारखा.”

भिंतीच्या सावलीत एक म्हातारी उकिडवी बसली होती. अंगावर विटकं नऊवारी लुगडं, हातापायाच्या नुसत्या काड्या, पण पोट पुढं आलेलं. ती मिशेरी लावत होती. काळं बोट तोंडात घालून ती हिरड्यांवरून सावकाश फिरवत होती, जसं काही कुणा दुसऱ्याचं तोंड साफ करतेय. कडवट भाजका वास तिथून येत होता, हे हेमांगीला कळलं आणि तिला थोडं बरं वाटलं. मिशेरीचा वास तिच्या ओळखीचा होता. तिची आई तव्यावर तंबाखू भाजायची.

“आली?” म्हातारीनं दिनानाथला विचारलं.

“आली माई.”

म्हातारी हसली. सगळ्या तोंडात एकच दात होता. खालचा, पुढचा, मिशेरीनं काळाकुट्ट झालेला.

“ह्यो येकच रायलाय,” ती हेमांगीला म्हणाली, जणू हेमांगीनंच विचारलं होतं. “बाकी सगले दिले.”

हेमांगीला वाटलं, म्हातारी बाळंतपणांविषयी बोलतेय. दर लेकराला बाईचा एखादा दात जातोच. तिचे स्वतःचेही दोन गेले होते. ती समजुतीनं हसली आणि अवघडून काहीतरी बोलायचं म्हणून दिनानाथला म्हणाली, “आता तुम्ही सांगणार, या भिंतीत बाई चिणलीय म्हणून. सगळ्या गढ्यांत चिणलेली असते.”

“छे छे,” दिनानाथ गंभीरपणे म्हणाला. “कोनाला नाय टाकला आत. हिला कोनी काय दिला नाय, ताई. हीच देते.”

“काय देते?”

त्यानं भिंतीकडे हनुवटी केली.

हेमांगीनं मग नीट पाहिलं. भिंतीत खळगे होते. एका ओळीत, सगळे एकाच उंचीवर, उभ्या बाईचं तोंड जिथं येईल तिथं. कडा गुळगुळीत झालेल्या. आतल्या चुन्यावर बारीक समांतर रेघा, खवणीनं खोबरं काढल्यावर करवंटीत राहतात तशा. चुन्यात जागोजाग पांढरे, तांबूस, पिवळट तुकडे बसलेले होते.

“शिंपल्यांचा चुना,” दिनानाथ म्हणाला. त्याच्या आवाजात गाईड परत आला, पण घाईघाईनं. “पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे. गूल घालायचे, उडीद घालायचे. पौष्टिक.”

सडक्या चिकूंवर माश्यांचा थर होता. भिंतीवर एकही माशी नव्हती.

हे हेमांगीच्या लक्षात आलं आणि ती रूपलला सांगायला वळली. रूपल शेजारी नव्हती. ती भिंतीशी उभी होती. दोन्ही तळवे दगडाला टेकलेले, डोळे मिटलेले, तोंड एका खळग्यात. आवाज येत होता. ओला, घासल्यासारखा, मध्येच कटकन काही मोडल्यासारखा.

“रूपल! अगं थू कर! थू कर आधी!”

हेमांगीनं तिचा दंड धरून मागं ओढलं. रूपल वळली. ओठांवर, हनुवटीवर पांढरा लगदा, लाळेची तार भिंतीपर्यंत ताणलेली. ती चावत होती. मग तिनं गिळलं. हेमांगी वाट पाहत राहिली, आता ओकेल, आता ओकेल. पिशवीसुद्धा उघडून धरली तिनं.

रूपल ओकली नाही. तिनं हनुवटीवरचं बोटानं पुसून चाटलं आणि ढेकर दिला. कित्येक आठवड्यांनी दिलेला पहिला ढेकर.

“आई,” ती हळूच म्हणाली, “हललं. पोटात हललं.”

तिनं हेमांगीचा हात घेऊन पोटावर ठेवला. हेमांगीच्या तळव्याखाली काहीतरी वळलं, चांगलं जोरात, भुकेलं. आजवर त्या पोटात कधी काही हललं नव्हतं.

“खाऊ दे तिला,” माई म्हणाली. “डोहाला हाय.”

एवढ्या शब्दावर हेमांगीचा हात सैल पडला. नंतर पुष्कळदा तिनं स्वतःला विचारलं, मी तिला गाडीत का नाही घातलं? उत्तर एकच होतं. पोरगी खात होती. हेमांगी पाठ फिरवून चिकूच्या झाडाला धरून उभी राहिली, आणि तो कुरतडल्याचा आवाज ऐकत राहिली, आणि झाडाच्या बुंध्याशी स्वतःच भडभडून ओकली.

निघताना माईनं विचारलं, “डबा हाय?”

डबा होता. रूपलसाठी आणलेल्या लाह्यांचा स्टीलचा डबा. हेमांगीनं लाह्या झाडाखाली ओतल्या आणि डबा पुढं केला. किळस एवढी येत होती की झाकण धरलेली बोटं वाकडी झाली होती, तरी पुढं केला. माई भिंतीशी गेली. तिनं चुन्याचा एक गोळा नखानं खरवडून तोंडात घातला, तो मिशेरीच्या थुंकीत बराच वेळ घोळवला, मग ओंजळीत काढून डब्यात थापला. आपल्या हातानं, अंगठ्यानं कडा दाबून, पुरणपोळीचं सारण भरावं तशा मायेनं.

गाडी निघाली तेव्हा हेमांगीनं एकदाच मागं पाहिलं. माई रूपलच्या खळग्याला तोंड लावून उभी होती. तिचे गाल फुगत होते आणि बसत होते. कुंभारीण माशी चिखल थापून घर करते, तसं ती भरत होती. बाईच भरते म्हणायची, हेमांगीनं स्वतःला समजावलं. भिंत आपोआप भरून येत नाही. वेडी म्हातारी आहे झालं.

बोईसरच्या फाटकाशी गाडी थांबली होती तेव्हा रूपल कशावरून तरी खळखळून हसली, आणि उजव्या बाजूला, वरच्या दातांत, हेमांगीला काळं भोक दिसलं.

“तुझी दाढ कुठाय?”

रूपलनं जीभ फिरवली. “पडली वाटतं. दुखलं नाही बाई काही.” आणि पुढं म्हणाली, “आई, घरी भाकरी कराल? भूक लागलीय.”

त्या रात्री भावेश आईच्या गळ्यात पडायचाच बाकी राहिला होता. रूपलनं पिठलं-भाकरी खाल्ली, नवऱ्याला आत झोपायला बोलावलं. पुढच्या महिन्यात वजन वाढलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून “शाब्बास” म्हटलं. हेमांगीनं आडवळणानं विचारलं, “माती-बिती खाल्ली थोडी, तर?” त्या म्हणाल्या, कॅल्शियम कमी असलं की तसं वाटतं, गोळ्या द्या, माती मुळीच नको. हेमांगीनं मान डोलावली. गोळ्या आणल्याही.

डबा फडताळात मागं होता. रोज जेवणानंतर रूपल झाकण उघडून सुपारी खावी तसा एक तुकडा कुरतडून घ्यायची. हेमांगी त्या वेळी मुद्दाम मोरीत भांडी घासायची, नळ पूर्ण सोडून. भांड्यांनाही तो वास लागला होता. भावेशला काही येत नव्हता. “कसला वास, आई?” तो विचारायचा.

बरेच दिवस गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गोळा संपायला हवा होता.

तिनं डबा उतरवला. गोळा काठोकाठ होता, ओला, दंव पडल्यासारखा घाम सुटलेला. रात्री रूपलनं कुरतडलेली बाजू भरून आली होती. इथं माई नव्हती. दमट हवा, चुना पाणी ओढतो, फुगतो, हेमांगी मनाशी म्हणाली आणि चष्मा आणायला गेली.

मधोमध एक शिंपला होता. आधी नव्हता. चष्म्यातून तो शिंपला राहिला नाही. त्याला मुळं होती, वरच्या खळीत चांदी भरलेली होती, आणि ती चांदी हेमांगीनंच रूपलला दाताच्या दवाखान्यात नेऊन भरून घेतली होती. आत, खाली, आणखी होते. निराळ्या माणसांचे. निराळ्या वयांचे.

ती डबा घेऊन मागच्या दारी गेली. कारखान्यांचा नाला तिथून जवळ होता. रोज वेगळ्या रंगाचा, काय टाकाल ते पोटात घेणारा. तिनं हात उचलला.

“आई,” आतून रूपलनं हाक मारली, “आणखी एक भाकरी टाका ना. आज फार लाथा मारतंय.”

हेमांगीनं हात खाली घेतला. कानात पर्सच्या चेनचा तो आवाज आला. उघडी, बंद. उघडी, बंद.

मग तिनं झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि परातीत पीठ घेतलं.

मुलगी झाली. दिवस भरून, अंगानं चांगली, खणखणीत रडणारी. भावेश पेढे आणायला धावला. रूपल ग्लानीत होती. नर्सनं बाळ दुपट्यात गुंडाळून हेमांगीच्या मांडीवर दिलं आणि सहज म्हणाली, “दात घेऊन आलीय हं तुमची नात. होतं एखाद्याला. डॉक्टर बघतील, काढून टाकतील. घाबरू नका.”

हेमांगी घाबरली नाही. असं होतं, हे तिनं ऐकलं होतं.

वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. बाळानं जांभई दिली.

दात एकच होता. खालचा, पुढचा. कोवळ्या गुलाबी हिरडीत पुरा वाढलेला, झिजलेला, मोठ्या माणसाचा. मिशेरीनं काळाकुट्ट.

हेमांगीनं बाळाच्या तोंडात बोट घातलं. पुसून निघेल म्हणून. आत हिरडी बोटाला चिकटली, चोखू लागली, दात नखावर कटकन वाजला. तिनं बोट बाहेर काढलं. टोकाला काळी भुकटी होती आणि थोडा पांढरा लगदा.

तिनं ते नाकाशी नेलं. फाटकं दूध, मेलेला उंदीर, भाजका तंबाखू. पोटात ढवळून यायची ती वाट पाहत राहिली.

काहीच ढवळलं नाही.

खरवसासारखा वास येत होता. तिनं दाराकडे एकदा पाहिलं, आणि बोट तोंडात घातलं.